पालकांची बखर

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या मराठी मनासमोर प्रथम गड उभे राहतात, मग तह, आणि त्यानंतर सनावळ्या. बंगळुराशी असलेले आपले नाते सांगावयाचे झाले तरी आपण १६३८ सालापासून आरंभ करतो. विजापूरच्या फौजेबरोबर शहाजीराजे या मुलखात आले, हे शहर त्यांना जहागिरीत मिळाले, येथे त्यांचा दरबार भरला, हे आपण परप्रांतीय स्नेह्यांना मोठ्या हौसेने ऐकवितो. ती हौस रास्तच आहे. तथापि आज आम्ही जी बखर वाचकांपुढे ठेवीत आहोत तिच्यात गड नाहीत आणि तहही नाहीत. तिच्यातले लढवय्ये म्हणजे साधे आईबाप आहेत. त्यांची शस्त्रे म्हणजे अर्ज, विनंत्या आणि स्मरणपत्रे. आणि त्यांनी जिंकलेला मुलूख म्हणजे एखादी शाळेची खोली, कायद्यातले एखादे कलम, किंवा आपल्या मुलाच्या आयुष्यातली आणखी काही वर्षे.

या बखरीचे एक ठाणे बंगळुराच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर आहे. त्याचे नाव बोम्मसंद्रा. कन्नड गावांच्या नावाअखेर येणारे 'संद्र' हे 'समुद्र' या शब्दाचे झिजलेले रूप, आणि समुद्र म्हणजे गावचा मोठा तलाव, असे इकडचे जाणकार सांगतात. आनेकल तालुक्यातले हे तळ्याकाठचे खेडे पुढे औद्योगिक वसाहत बनले, आणि ऑगस्ट २०२५ पासून तर ते मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे शेवटचे स्थानक झाले आहे. राष्ट्रीय विद्यालय रोडपासून निघालेली गाडी एकोणीस किलोमीटरांचा प्रवास करून येथे थांबते. सकाळी येथे उतरणाऱ्या गर्दीत कारखान्यांचे कामगार असतात, तसेच एका मोठ्या रुग्णालयाकडे निघालेली, अंगाखांद्यावर मूल घेतलेली माणसेही असतात. २००३ साली, मेट्रोचा मागमूसही नव्हता तेव्हा, आम्ही अशाच माणसांपैकी होतो.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस त्या एका कारणानेच प्राप्त झाला आहे. आमचा धाकटा मुलगा डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला. त्या वेळी आमची नेमणूक उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या गावी होती. सुईणीसारख्या प्रेमळ असलेल्या तेथील परिचारिकेने मूल आमच्या हाती देताना नजर चुकविली, आणि त्या चुकविलेल्या नजरेतून आम्हांस पहिली बातमी कळली. घरापासून दीड हजार मैलांवर, सरकारी बंगल्याच्या ओसरीवर, आम्ही दोघे नवराबायको ते मूल मांडीवर घेऊन रात्रभर बसलो होतो. आपल्यासारखे आपणच, असे त्या रात्री वाटले. पुढे वाचीत गेलो, विचारीत गेलो, तेव्हा उमगले की आपल्याआधी या वाटेने पुष्कळ जण चालून गेले आहेत आणि त्यांच्या पावलांनीच ही वाट पडली आहे.

प्रथम जुन्या काळाकडे वळू. आपल्याकडे अशी मुले नव्हती असे नाही; प्रत्येक वाड्यात, प्रत्येक आळीत ती होती. त्यांना खुळा म्हणत, अर्धवट म्हणत, क्वचित कोणी भाविक म्हातारी 'देवाचे माणूस' म्हणे. एकत्र कुटुंबाच्या दहा जणांत अकरावे ताट सहज मांडले जाई. गुरे वळणे, पाणी भरणे, देवाला फुले आणणे अशी कामे अंगवळणी पडत. मात्र बहिणीचे लग्न ठरण्याच्या वेळी त्याच मुलाला माजघरातल्या अंधाऱ्या खोलीत बसविले जाई, हेही खरेच. त्या व्यवस्थेत दोन घास होते, सावली होती. शिक्षण नव्हते आणि मानही नव्हता. त्या व्यवस्थेचे आम्ही गोडवे गाणार नाही. परंतु एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सरकारी नोकरी आणि तिच्यामागून येणारी बदली यांनी ती दहा माणसे काढून घेतली. आजी, काकू, चुलतभाऊ मागे गावी राहिले, आणि परमुलखातल्या क्वार्टरमध्ये उरले ते आई, बाप आणि मूल. म्हणून या प्रश्नाची धार जितकी आपल्यासारख्या बदलीच्या माणसांना लागली तितकी गावी राहिलेल्यांना क्वचितच लागली असेल.

कायद्याने काय केले होते? १९१२ सालच्या भारतीय वेड्यांच्या कायद्यात 'वेडा' या शब्दाची जी व्याख्या होती तिच्यात जन्मतः मंद बुद्धी असलेला मनुष्य आणि मनोविकाराने ग्रासलेला मनुष्य यांना एकाच दावणीला बांधले होते. ज्याला आजार जडला आहे आणि जो मुळातच सावकाश वाढतो आहे, या दोघांतला भेद कोणत्याही आईला पहिल्या वर्षात कळतो. सरकारी कागदाला तो कळावयास पाऊणशे वर्षे लागली. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व हे मनोविकाराहून निराळे आहे असे प्रथम मान्य केले, आणि त्या कायद्याचा अंमल सुरू व्हावयास १९९३ साल उजाडले.

दरम्यान आईबाप थांबून राहिले नव्हते. बंगालमध्ये झाडग्राम येथे १९३३ साली बोधना निकेतन निघाले. मुंबईस मानखुर्द येथे १९४१ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीने अशा मुलांसाठी स्वतंत्र निवास उघडला. आणि १९४४ साली, महायुद्ध पेटलेले असताना, मुंबईत जय वकील या पारशी बाईंनी आपल्या मुलीसाठी शाळा काढली. मुलीला डाऊन सिंड्रोम होता आणि तिला घेईल अशी शाळा शहरात नव्हती. म्हणून त्यांनी व त्यांचे पती होरमसजी यांनी घरातच वर्ग भरविला. एका मुलीसाठी भरलेला तो वर्ग आज शिवडीस मोठ्या संस्थेच्या रूपाने उभा आहे, आणि मराठी, गुजराती, हिंदी बोलणाऱ्या हजारो घरांनी त्याचा आधार घेतला आहे. आपल्या मुलाला जागा नाही म्हटल्यावर परत फिरणे आणि आपल्या मुलासाठी जागा निर्माण करणे, या दोहोंतले अंतर एका पावलाचेच असते. ते पाऊल त्या बाईंनी टाकले.

मौज अशी की त्याच दशकात, एकमेकांची वार्ताही नसताना, निरनिराळ्या देशांतले आईबाप हेच पाऊल टाकीत होते. फ्रान्सचे सेनानी शार्ल द गोल यांची धाकटी मुलगी अ‍ॅन हिलाही डाऊन सिंड्रोम होता. तिचा जन्म १९२८ च्या पहिल्या दिवशी, बाप जर्मनीतील ट्रिअर येथे लष्करी नेमणुकीवर असताना झाला; पुढे बापाची बदली बैरुतला झाली तेव्हा मुलगीही बैरुतला गेली. त्या काळच्या प्रतिष्ठित घरांत अशा मुलांना दूरच्या आश्रमात ठेवून मोकळे होण्याची रीत होती. द गोल दांपत्याने ती पत्करली नाही. महायुद्ध संपत असता त्यांनी मुलीच्या नावे एक प्रतिष्ठान स्थापिले. आपल्या आठवणींच्या ग्रंथाचे मानधनही द गोल यांनी त्या कामी लाविले. १९४८ मध्ये विसाव्या वर्षी मुलगी गेली. १९७० मध्ये बाप गेला तेव्हा कोलोंबे या लहानशा गावी तिच्याच शेजारी त्याला विसावा देण्यात आला. राष्ट्राध्यक्षाला राजधानीत भव्य स्मारक मिळाले असते. त्याने मुलीजवळची जागा पत्करली. बदल्यांच्या गावांतून असे मूल वाढविणाऱ्या कोणत्याही अंमलदाराला हा फ्रेंच लष्करी अधिकारी आपला वाटल्यावाचून राहणार नाही.

इंग्लंडमध्ये १९४६ साली ज्युडी फ्राइड या आईने पालकांची संघटना उभारली. अमेरिकेत १९५० साली मिनियापोलिस येथे जागोजागचे पालकसंघ एकत्र आले. पालकांनी केवळ शाळा काढल्या असेही नाही. वैद्यकाचे डोळे उघडण्याचे कामही कित्येकदा त्यांनीच केले. नॉर्वेमध्ये एगेलाण्ड नावाच्या दांपत्याची दोन मुले जन्मतः धडधाकट असून पुढे मंद होत गेली. मुलांच्या अंगाला एक चमत्कारिक वास येतो, तो का, हा प्रश्न त्या आईने एकामागून एक डॉक्टरांना विचारला. कोणी मनावर घेतले नाही. अखेर १९३४ मध्ये आस्ब्यर्न फ्यॉलिंग या शास्त्रज्ञाने मुलांचे मूत्र तपासले आणि फिनाइलकीटोन्यूरिया या आनुवंशिक विकाराचा शोध लागला. पुढे पथ्याच्या आहाराने हा विकार आवरता येतो असे ठरले, आणि नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून तो ओळखण्याची सोपी कसोटी रॉबर्ट गथ्री यांनी शोधून काढली. हे गथ्री स्वतः एका मतिमंद मुलाचे वडील होते. आईने विचारलेला प्रश्न आणि बापाने दिलेले उत्तर यांच्यामध्ये सुमारे पंचवीस वर्षे गेली. पण जगातील असंख्य बालके त्यामुळे वाचली.

आता पुन्हा होसूर रस्त्यावर येऊ. या रस्त्याने शहरातून बोम्मसंद्र्याकडे निघाले की प्रथम निम्हान्सचे विस्तीर्ण आवार लागते. १९५४ साली येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. जुने मनोरुग्णालय आणि ती संस्था यांचे एकीकरण होऊन १९७४ च्या डिसेंबरात निम्हान्स जन्मास आले. मुलाच्या बुद्धीची शास्त्रशुद्ध तपासणी कोठे होईल, असे दक्षिणेत कोणी विचारले की याच आवाराकडे बोट दाखविले जाई. १९५९ साली याच शहरात, स्वतः पोलिओने अपंग झालेल्या एन. एस. हेमा यांनी अपंगांची संस्था काढली. १९६० साली मतिमंदांसाठी स्वतंत्र संस्था निघाली. १९८० साली कर्नाटकाची स्पास्टिक्स सोसायटी आली. तिकडे पुण्यास १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांची कामायनी उभी राहिली, आणि मुंबईस १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी, मेंदूचा पक्षाघात असलेल्या आपल्या मालिनीसाठी धडपडताना, स्पास्टिक्स सोसायटीचा पाया घातला. ही सारी नावे आम्ही मुद्दाम सनांसह देत आहोत. शाळाखात्याच्या अहवालांत ती दोन ओळींत आटोपतात. पण प्रत्येक सनामागे एखाद्या घरातली झोप उडालेली असते.

येथे शब्दांविषयी दोन शब्द. मराठीत आपण 'मतिमंद' म्हणत आलो. कानडीत 'बुद्धिमांद्य' म्हणतात. दोन्ही भाषांनी एकाच संस्कृत पेटीतून शब्द काढले आणि दोहोंनी 'मंद' हाच काढला. मंद म्हणजे सावकाश. त्यात मूळची हेटाळणी नाही. मंद वारा आपण प्रेमाने म्हणतो. हेटाळणी आपण नंतर मिसळली, आणि म्हणून शब्द बदलणे भाग पडले. बौद्धिक अक्षमता, विशेष मूल, दिव्यांग असे शब्द एकामागून एक आले. शब्द बदलावेत, आमची तक्रार नाही. पण शेजारच्या लेकुरवाळ्या बाई आमच्या मुलाला नावाने हाक मारतात, तेव्हा या साऱ्या शब्दांची गरज संपते, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण चाकरीतले, तेव्हा बदलीच्या हुकुमाचा इतिहासही सांगितला पाहिजे. आमचा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत आम्ही तीन गावे बदलली. एका गावी शाळेच्या मुख्याध्यापकांनी मूल पाहिले, चहा पाजला आणि अर्ज परत केला. दुसऱ्या गावी वाचा सुधारणारे शिक्षक मिळाले. मुलाला 'पाणी' हा शब्द आला, आणि बदलीचा हुकूमही आला. नव्या गावी तो शब्द हरवला. ज्यांना वाटते की बदली म्हणजे केवळ सामानाची बांधाबांध, त्यांनी हे ध्यानी घ्यावे. सामान्य मूल नवी शाळा, नवी भाषा, नवे सवंगडी वर्षभरात पचविते. या मुलांना जिना, दार, मास्तर आणि सकाळची घंटा यांची ओळख व्हावयास दोन वर्षे लागतात. आणि हुकूम तीन वर्षांनी येतो.

हे गाऱ्हाणे आमच्या एकट्याचे नव्हते. केंद्र सरकारच्या कर्मचारी खात्याने १५ फेब्रुवारी १९९१ रोजी एक परिपत्रक काढून मतिमंद मुलांच्या पालकांना, जेथे उपचार व शिक्षणाची सोय आहे तेथे नेमणूक देण्याच्या विनंतीचा सहानुभूतीने विचार व्हावा असे कळविले. ६ जून २०१४ च्या परिपत्रकाने पुढचे पाऊल टाकले: जो कर्मचारी अशा मुलाचा प्रमुख सांभाळकर्ता आहे त्याला नित्याच्या बदल्यांतून सूट द्यावी. ऑक्टोबर २०१८ मध्ये, नव्या कायद्याला अनुसरून, या सवलतीत सुधारणा झाली. 'सहानुभूतीने विचार व्हावा' आणि 'सूट द्यावी' या दोन वाक्यांमध्ये तेवीस वर्षांचे अंतर आहे. दफ्तरी भाषेची नस ज्यांना ठाऊक आहे त्यांना या अंतराचे मोल सांगावयास नको.

आता बोम्मसंद्रा. डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मजात दोष असतो; पुष्कळदा कप्प्यांमधला पडदाच अपुरा असतो. आमच्या मुलाचे तसेच होते. दूध पिताना तो घामाघूम होई आणि ओठ निळसर पडत. बोम्मसंद्र्यास डॉ. देवी शेट्टी यांनी उभारलेले नारायण हृदयालय तेव्हा नुकतेच, म्हणजे २००१ च्या सुमारास, सुरू झाले होते. आम्ही रजा टाकून आलो. त्या ओवरीत बंगाली आया होत्या, आसामी बाप होते, सातासमुद्रापलीकडून आलेली कुटुंबे होती. कोणाची भाषा कोणाला येत नव्हती. पण एकीचे मूल शस्त्रक्रियेस आत गेले की दुसरी तिच्या हाती पाण्याचा पेला देई. तसे भाषांतर आम्ही पुन्हा कोठे पाहिले नाही.

हृदय उघडून शिवण्याच्या या विद्येचा आरंभही एका बापाच्या रक्तातून झालेला आहे. मार्च १९५४ मध्ये मिनेसोटा येथे वॉल्टन लिलेहाय या शल्यविशारदाने एका वर्षाच्या मुलाचे हृदय उघडले तेव्हा फुप्फुस व हृदय यांचे काम करणारे भरवशाचे यंत्र हाताशी नव्हते. म्हणून शेजारच्या मेजावर मुलाच्या बापाला झोपविले, दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या, आणि बापाच्या हृदयाने दोन देहांचे काम केले. दुरुस्ती साधली, मूल मात्र काही दिवसांनी न्यूमोनियाने गेले. तरीही पुढचे आईबाप त्या मेजावर झोपावयास तयार झाले. अशा पंचेचाळीस शस्त्रक्रिया झाल्या. अठ्ठावीस रुग्ण बरे होऊन घरी गेले. डाऊनच्या मुलांत वारंवार आढळणारा जो पडद्याचा दोष, त्याची पहिली यशस्वी दुरुस्ती याच रीतीने १९५४ मध्ये झाली. तरीसुद्धा पुढे कित्येक वर्षे मोठमोठ्या देशांतले डॉक्टर, मूल मंदबुद्धीचे आहे एवढ्यावरून, ही शस्त्रक्रिया नाकारीत. विद्या होती, मूल त्या विद्येस पात्र आहे हे मान्य व्हावयाचे होते. बोम्मसंद्र्यास आम्हांला तो प्रश्न कोणी विचारला नाही. मुलाचे वय, वजन आणि रक्तगट विचारले. त्या दिवशी आम्ही मनोमन त्या अनोळखी बापाला नमस्कार केला.

या शस्त्रक्रियांनी आणि औषधांनी इतिहास उलटा केला आहे. १९४० च्या दशकात अशा मुलांचे सरासरी आयुष्य बारा वर्षांच्या आसपास मानले जाई. आज प्रगत देशांत ते साठीला पोहोचले आहे. पूर्वीच्या आईबापांना मूल आपल्या डोळ्यांदेखत जाईल याचे दुःख होते. आताच्या आईबापांची चिंता निराळी आहे: आपण आधी जाऊ, आणि मूल मागे राहील. रात्री दोनला जाग येते ती याच विचाराने. आमचे मूल आता तेविशीच्या पुढे गेले आहे. तो स्वतः आंघोळ करतो, पोळ्यांची चवड मोजतो, तिन्ही भाषांत 'या, बसा' म्हणतो. पण बँकेच्या कागदावर काय लिहिले आहे ते त्याला कळत नाही आणि कळणारही नाही.

या भीतीतूनच १९९९ सालचा राष्ट्रीय न्यास कायदा झाला. ऑटिझम, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी अठराव्या वर्षानंतरही कायदेशीर पालक नेमता यावा, ही त्यातली मुख्य तरतूद. देशभरच्या पालकसंघांनी तिचा पाठपुरावा केला होता. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनाच्या नियमांतही, ज्या अपत्याला अशा अक्षमतेमुळे कमाई करता येत नाही त्याला आजीव कुटुंब-निवृत्तिवेतन मिळण्याची सोय आहे. आणि कायद्याच्या पलीकडे जाऊन काही मराठी पालकांनी स्वतःच उत्तर शोधले: बदलापूरला 'आधार' या नावाने पालकांनी एकत्र येऊन निवासी संस्था उभी केली, की आपल्यामागे आपली मुले एकमेकांच्या सोबतीने राहावीत. जय वकील बाईंनी एका मुलीसाठी शाळा काढली. बदलापूरच्या पालकांनी सर्वांच्या मुलांसाठी घर काढले. मधल्या पन्नास वर्षांत आईबापांची चिंता शाळेवरून घरावर आली.

आता शेवटची एक गोष्ट, आणि ती थेट आमच्या वाचकांसाठी. राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे पालक नेमण्याचा अधिकार ज्या स्थानिक समितीकडे आहे, तिच्यात जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी असतो. म्हणजे हे मासिक जेथे जेथे जाते त्यांतल्या काही टेबलांवर असे अर्ज येत असणार. अर्जाला सोबत जोडलेली कागदपत्रे अपुरी असतील. अक्षर थरथरते असेल. अर्जदार बाई सत्तरीची असेल आणि तिला आधीच तीनदा परत पाठविलेले असेल. त्या फाईलवर 'पुढील बैठकीत' असा शेरा मारणे सोपे आहे. आम्हीही चाकरीत असे शेरे मारले आहेत आणि आज त्यांची लाज वाटते. त्या बाईला पुढील बैठक लाभेल की नाही याची खात्री नसते. म्हणून ती फाईल हातावेगळी करावी, एवढीच विनंती.

गेल्या महिन्यात आम्ही मुलाला तपासणीसाठी पुन्हा बोम्मसंद्र्यास नेले. गाडी शेवटच्या स्थानकात शिरताना कानडीत घोषणा झाली. त्याने ती कान देऊन ऐकली, आमचा हात धरला आणि म्हणाला, "बाबा, आपलं आलं." आम्ही उतरलो.